पॅलेस्टिनी थोब : 'अस्सल' कोणता?

पॅलेस्टिनी स्त्रियांचा पारंपरिक थोब, म्हणजे पायघोळ झगा, आणि त्यावरचे तत्रीझ नावाचे भरतकाम यांविषयी अलीकडे बरेच लिहिले जाते. २०२१ साली युनेस्कोने या कलेचा अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत समावेश केल्यापासून तर अधिकच. त्या लिखाणातला एक सूर मात्र मला पटत नाही. १९४८ पूर्वी, म्हणजे इस्रायलच्या स्थापनेपूर्वी, गावोगावी भरलेले थोब तेवढे अस्सल आणि नंतरचे, निर्वासितांच्या छावण्यांतले थोब म्हणजे त्यांची उतरती कळा, असा तो सूर आहे.

जुन्या थोबांच्या वैभवाविषयी दुमत नाही. रामल्लाच्या पांढऱ्या लिननवर लाल रेशमाचे दाट फुलीच्या टाक्यांचे काम असे. बेथलेहेमच्या कारागिणी रेशमी आणि सोनेरी दोर कापडावर वळणावळणाने मांडून ते बारीक टाक्यांनी पक्के करीत, आणि त्यांनी भरलेले छातीचे पट्टे आसपासच्या गावांतल्या नवऱ्या मुलींसाठी मुद्दाम मागवले जात. मजदलच्या मागावरच्या एका कापडाला लाल-हिरव्या पट्ट्या असत आणि त्याचे नाव होते 'जन्ना व नार', म्हणजे स्वर्ग आणि अग्नी. (असे नाव सुचायला विणकरच हवा!) नकबच्या (नेगेव्हच्या) वाळवंटातल्या बेदुईन, म्हणजे भटक्या अरब, स्त्रियांमध्ये विधवेचे भरतकाम निळे, तर विवाहितेचे लाल. जाणकाराला थोबावरून बाईचा मुलूख, पुष्कळदा गावही ओळखता येई.

पण ही जुनी कला तरी एका जागी कुठे थांबली होती? १९३० च्या दशकात डीएमसी या फ्रेंच कंपनीचा सुती दोरा आणि नमुन्यांच्या पुस्तिका पॅलेस्टाईनमध्ये रुळल्या, आणि सरू व चंद्र यांच्या भौमितिक आकृत्यांशेजारी युरोपीय गुलाब आणि पक्षी येऊन बसले. ज्या कापडाचे धागे मोजता येत नाहीत, अशा कापडावर जाळीदार कॅनव्हास टाचून त्यावर फुल्या घालायच्या आणि काम झाले की कॅनव्हासचा एकेक धागा खालून ओढून काढायचा, ही युक्तीही बायकांनी आपलीशी केली. थोब जीर्ण झाला तरी 'कब्बा', म्हणजे छातीवरचा भरलेला भाग, उसवून नव्या थोबावर शिवला जाई. बदल पचवणे हाच या कलेचा स्वभाव होता.

१९४८ च्या युद्धाच्या काळात सात लाखांहून अधिक पॅलेस्टिनी माणसे घरादाराला मुकली आणि वेगवेगळ्या गावांच्या बायका छावण्यांत शेजारी-शेजारी राहू लागल्या. तिथे नमुने एकमेकांत मिसळले, हा मला ऱ्हास वाटत नाही. पुढे इस्रायलने व्याप्त प्रदेशात पॅलेस्टिनी झेंड्यावर बंदी घातली, तेव्हा १९८७ च्या इंतिफादाच्या, म्हणजे पॅलेस्टिनी उठावाच्या, काळात बायकांनी झेंड्याचे रंग, पॅलेस्टाईनचा नकाशा आणि जेरुसलेमचा सोनेरी घुमट थोबावरच भरला. झेंडा हिसकावून घेता येतो. बाईच्या अंगावरचा थोब हिसकावणे तितके सोपे नसते. हा थोब रामल्लाच्या जुन्या थोबाइतकाच पारंपरिक आहे, असे माझे मत आहे.

अस्सलपणाची चर्चा करायचीच असेल, तर ती हातकाम आणि यंत्रकाम यांच्याविषयी करावी. लेबनॉनमध्ये १९६९ पासून इनाश ही संस्था छावण्यांतल्या स्त्रियांना भरतकामाचे काम मिळवून देत आली आहे. यंत्रावर भरलेला स्वस्त थोब 'पारंपरिक' म्हणून खपतो, तेव्हा अशा बायकांचीच मजुरी बुडते.