कुंड्या, कुड्या आणि डीपीआय

‘जिन्यात ठेवलेल्या कुड्या तातडीने हलवाव्यात’ ही सोसायटीची सूचना नव्या लॅपटॉपवर वाचून मी चाट पडलो, कारण दागिने जिन्यात ठेवण्याइतकी सुबत्ता आमच्या इमारतीत आल्याचे खजिनदार या नात्याने मला तरी ठाऊक नव्हते. पत्नीने पडद्याला नाक टेकवून पाहिले आणि त्या ‘कुंड्या’ असल्याचे जाहीर केले.

चौदा इंची पडद्यावर १९२० गुणिले १०८० ठिपके म्हणजे इंचाला साधारण १५७ ठिपके (यालाच डीपीआय म्हणतात) भरतात, आणि लॅपटॉप चालवणारे माझे लिनक्स मात्र ते ९६च आहेत अशा जुन्या हिशेबाने अक्षरे आखत होते. त्यामुळे प्रत्येक अक्षर असायला हवे त्याच्या जेमतेम साठ टक्के उरले होते. इंग्रजी त्यातही निभावून नेते. देवनागरीचा निम्मा संसार शिरोरेषेच्या वर आणि अक्षराच्या पायाशी मांडलेला, त्यामुळे काटकसर सुरू झाली की पहिली कुऱ्हाड अनुस्वारावर पडते.

प्रथम मी रिझोल्यूशन १३६६ गुणिले ७६८ वर उतरवले. अक्षरे वाढली खरी, पण पडद्यातले ठिपके कायमचे जडवलेले असल्याने एकाच्या जागी सुमारे १.४ ठिपके बसवण्याच्या खटाटोपात सारा मजकूर शेजाऱ्याचा चश्मा घातल्यासारखा दिसू लागला. मग ‘डिस्प्ले’मध्ये ‘स्केल’ सापडले. लिनक्सवर पडदा आणि खिडक्या सांभाळणाऱ्या एक्सएफसीईच्या ४.१६ या आवृत्तीत ते दीडपट केले की सगळे दीडपट लहान होते, कारण तिथे अक्षरे वाढत नाहीत, तर कामाचा पट वाढतो आणि तो वाढलेला पट त्याच पडद्यात कोंबला जातो. ‘ही मांडणी ठेवायची का?’ असे विचारणारी, दहा सेकंद मोजणारी चौकटही मग मुंगीएवढीच उमटली. ती वाचण्यासाठी मी चश्मा शोधेपर्यंत वेळ संपली आणि सगळे आपसूक पूर्ववत झाले. (चश्मा कपाळावर होता.)

शेवटी ‘फॉन्ट्स’मध्ये जाऊन डीपीआय ९६ वरून १४४ केला आणि कुंडी अनुस्वारासह प्रकटली. खिडक्या मात्र अशा फुगल्या की काहींची ‘ओके’ची बटणे पडद्याच्या तळाखाली गेली, आणि ऑल्ट दाबून, खिडकीचा कुठलाही भाग माउसने धरून, विहिरीतून पोहरा शेंदावा तशी ती वर ओढण्याची सवय मला लावून घ्यावी लागली.

वार्षिक सभेत हाच लॅपटॉप मी १०२४ गुणिले ७६८ च्या जुन्या प्रोजेक्टरला जोडला. डीपीआयचा आकडा सगळ्या पडद्यांना एकच लागू होतो, हे मला तेव्हा कळले. हिशेबाच्या भल्यामोठ्या तक्त्यातील मोजून दोन ओळी भिंतीवर मावल्या: ‘थकबाकीदार’ हे शीर्षक आणि वर्णानुक्रमाने पहिले आलेले माझे आडनाव, जे त्यावरील अनुस्वारासकट अगदी मागच्या रांगेतूनही स्वच्छ वाचता येत होते.