स्टोइक म्हणजे पहाटे पाचचा अलार्म नव्हे

तो मेसेज परत फिरतोय, "स्टोइक लोकांचे वेळेचे नियम". स्टोइक म्हणजे प्राचीन ग्रीस-रोममधले, विवेकानं जगा म्हणणारे तत्त्वज्ञ. मेसेज म्हणतो, आयुष्य छोटं आहे म्हणून प्रत्येक मिनिट कामाला लावा, स्टोइक रोमन सम्राट मार्कस ऑरेलियससारखं पहाटे पाचला उठा, वेळ खाणारी माणसं आयुष्यातून काढून टाका. आणि खाली सेनेका या रोमन स्टोइक लेखकाचा पुतळा, त्या बिचाऱ्याला कोणी वाचलेलंच दिसत नाही.

पहिलं वाक्यच उलटं आहे. सेनेका म्हणतो आयुष्य छोटं नाहीये, आपण उधळतो म्हणून पुरत नाही. आणि हे त्यानं लिहिलं कोणाला, तर पॉलिनसला, जो काही कट्ट्यावर बसणारा पोरगा नव्हता, अख्ख्या रोमच्या धान्यपुरवठ्याचा साहेब होता. त्याला सल्ला काय, तर आता बास, हे खातं सोड आणि उरलेला वेळ स्वतःला दे! म्हणजे समोरचा माणूस आधीच फुल प्रॉडक्टिव्ह आणि सेनेका त्यालाच थांबवतोय. त्याचा सगळा राग बिझी लोकांवर आहे, बड्यांच्या दारात ताटकळणारे, पन्नाशीनंतर निवांत जगू म्हणणारे, एवढंच काय, न्हाव्याकडे एकेका केसावर चर्चा करत तासन् तास बसणारे पण त्याच्या लेखी बिझीच. मला तर यात आपल्या रील्स दिसतात.

पहाटे पाच? रोमन लोक दिवसाच्या उजेडाचे बारा भाग करायचे, उन्हाळ्यात तास मोठा, हिवाळ्यात बारका, मग पाच कुठून आणले. उलट मार्कस सकाळी अंथरूण सुटत नाही म्हणून स्वतःशीच भांडतो, वाचा की त्याच्या टिपणांचा पाचवा भाग. आणि त्याचे गुरू फ्रोंटो त्याला पत्रातून सांगायचे, सुट्टीवर समुद्रकिनारी गेलायस ना, मग जरा झोप.

माणसं तोडण्याबद्दल म्हणाल तर वेळ फुकट वाटू नका हे सेनेका म्हणतो, तेवढं खरं. पण मार्कस म्हणतो आज उद्धट, कृतघ्न लोक भेटणारच, तरी आपण हातापायांसारखे एकमेकांसाठीच आहोत.

"सेनेका स्वतः कुठे तसा वागला" असं कोणी म्हणालं तर मात्र माझ्याकडे उत्तर नाही, सम्राट निरोच्या दरबारात राहून त्यानं अफाट पैसा केला. इ.स. ६२ मध्ये त्यानं रिटायरमेंट मागितली, निरोनं सोडलं नाही, आणि ६५ मध्ये जीव द्यायचा हुकूम आला.