वीजदूताची वक्रदृष्टी

ऑफ तासाला स्टाफरूममध्ये पेपर तपासत बसलो होतो, तोच डोक्यावरचा पंखा थांबला. लाइट गेली म्हणावं, तर ट्यूब चालू. मान वळवली. बोर्डापाशी सहावीतला एक पोरगा उभा, छातीवर 'वीजदूत' असा बिल्ला, हातात वही.

"सर, एका माणसाला तीन पंखे कशाला?"

ऊर्जा बचत सप्ताह कुणाच्या तरी गळ्यात मारायचाच असतो, आणि विज्ञानाचा शिक्षक म्हटलं की गळा तयारच. त्यामुळे बिल्ले मीच वाटलेले. घोषवाक्य स्पर्धाही झाली. 'बचत'ला यमक सापडेना म्हणून एकाने 'कचकच' लिहिलं. त्याला मी उत्तेजनार्थ दिलं. पोस्टरचं प्रदर्शन भर दुपारी, पडदे ओढून, हॉलमधले सगळे दिवे लावून भरवलं. फोटो चांगले येतात म्हणे!

"बरं, दोन बंद कर," मी उदारपणे म्हणालो.

"केलेत. तो कोपऱ्यातला चालू ठेवलाय."

म्हणजे नेमका कण्हणारा. त्याच्याखाली पीटीच्या सरांची मोडकी खुर्ची. गठ्ठा उचलून मी निमूट तिकडे गेलो.

"चारवर कशाला सर? दोनवर भागेल की."

आता मात्र माझ्यातला मास्तर खवळला. भिंतीवरचा ठोकळ्याएवढा रेग्युलेटर दाखवून म्हटलं, "हा जुना आहे. वेग कमी केलास तरी वाचलेल्यातली बरीच वीज ह्या डब्यात उष्णता होऊन जाते. इलेक्ट्रॉनिक असता तर गोष्ट वेगळी." त्याने डब्याला बोट लावलं, चटकन मागे घेतलं आणि वहीत लिहिलं.

"मग बदलत का नाही?"

"अर्ज दिलाय."

"कुणाला?"

"वरती."

वरती म्हणजे मुख्याध्यापकांची केबिन. साहेब मीटिंगला बाहेर आणि आत एसी 18 वर, दार सताड उघडं.

"साधा पंखा 75 वॅट, तो एसी चालू असताना दीड हजाराच्या आसपास. कर हिशोब."

"वीस पंखे, सर!" डोळे विस्फारले.

"मग जा ना तिकडे!"

"तिथे परवानगीशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं तुम्हीच वर्गात सांगितलंत."

ह्यावर काय बोलणार? बीएलडीसी, म्हणजे बिनब्रशच्या मोटरचे, पंखे तीसेक वॅटमध्ये जवळपास तेवढाच वारा देतात, हे मी लेखी कळवलंय. निधी नाही, असं उत्तर आलं. बिल्ल्यांना मात्र निधी होता, तोही सोनेरी किनारीसकट. मुलांनी दिवे बंद करायचे, मास्तरांनी घाम गाळायचा, आणि अहवालात शाळा 'ऊर्जासाक्षर'!

पोरगा अजून हलला नव्हता. ट्यूबकडे बघत होता.

"दिवसाढवळ्या ट्यूब का, सर? खिडकी आहे ना?"

"आहे. कपाटाच्या मागे."

"कपाट सरकवा."

"त्यात जुनी पोस्टरं आहेत. सरकवायला वरून परवानगी लागते."

त्याने मान डोलावली, वही गुडघ्यावर टेकवली आणि मला ऐकू जाईल अशा बेताने पुटपुटत नोंद केली : "स्टाफरूम. खिडकी बंद. जबाबदार, विज्ञानाचे सर."