कुत्र्याला शिकायला बाहेर पाठवू नका, ट्रेनरला घरी बोलवा

कुत्रा महिनाभर ट्रेनरकडे ठेवायचा आणि शिकून तयार झाला की घरी आणायचा, असा विचार करत असाल तर कृपया थांबा. तोच खर्च घरी येणाऱ्या ट्रेनरवर करा आणि प्रत्येक भेटीला घरातले सगळे हजर राहा. कुत्रा जे शिकतो ते त्या जागेसकट आणि त्या माणसासकट शिकतो. ट्रेनरच्या आवारात झटकन बसणारा कुत्रा तुमच्या दारात, तुमच्या आवाजाला बसेलच असं नाही. यात त्याचा हट्ट नसतो. नव्या जागी तोच धडा पुन्हा गिरवावा लागतो, फक्त दर वेळी थोडा लवकर जमतो.

चांगला ट्रेनर पहिल्या भेटीत कुत्र्याइतकंच घर बघतो. कुत्रा झोपतो कुठे, खिडकीतून रस्ता दिसतो का, जेवताना ताटातलं हळूच कोण देतं. बहुतेक गोंधळ तिथेच सापडतो. एकजण ‘बस’ म्हणतो, दुसरा ‘सिट’, तिसरा तेच पाच वेळा ओरडतो. अंगावर उड्या मारण्याचंही तसंच. तुम्ही ढकलता, मुलं हसतात, पाहुणे लाडाने थोपटतात. त्याला हवं ते लक्ष कधी मिळतं, कधी मिळत नाही, आणि अशी अधूनमधून फळणारी सवय सगळ्यात चिवट असते. चारही पाय जमिनीवर असतील तरच त्याच्याकडे बघायचं, हा नियम सगळ्यांनी एकाच दिवशी सुरू करावा लागतो. सुरुवातीला उड्या कमी न होता वाढतात. नेमकं तेव्हाच लोक हार मानतात, आणि जास्त जोरात उडी मारली की काम होतं एवढंच कुत्रा शिकतो.

आता दारावरची बेल घ्या. बेल वाजली की भुंकत दाराकडे धाव, ही जवळपास प्रत्येक घराची तक्रार. दारापासून आठ-दहा फुटांवर त्याचं अंथरूण टाका. आधी बेल नकोच. अंथरुणावर पाय ठेवला की ‘शाब्बास’, आणि खाऊ हातातून न देता अंथरुणावरच टाका, म्हणजे त्याला ती जागा आवडू लागते. खाऊ वाटाण्याच्या दाण्याएवढा पुरे. हे पक्कं झालं की मोबाईलवर रेकॉर्ड केलेली बेल अगदी बारीक आवाजात वाजवा. आधी बेल, मग खाऊ. क्रम उलटला, म्हणजे पिशवीची खुसखुस आधी झाली, तर बेलचा धडा होतच नाही. मग आवाज वाढवा. मग खरी बेल, घरातल्याच कुणीतरी वाजवलेली. मग कडी काढणं, दार चार बोटं उघडून पुन्हा लावणं, आणि पाहुणा सगळ्यात शेवटी. सलग दोनदा तो उठून पळाला तर एक पायरी मागे या. तीन ते पाच मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. सलग अर्धा तास केलंत तर दोघंही कंटाळाल.

हे सगळं व्हिडिओ बघूनही करता येतं, मग ट्रेनर कशाला? तुमची चूक तुम्हाला दिसत नाही म्हणून. कुत्रा बसतो, तुम्ही खिशात खाऊ चाचपडता, तेवढ्यात तो उठतो आणि खाऊ त्याच्या तोंडात जातो. शाबासकी मिळाली ती उठण्याला. ‘शाब्बास’ हा शब्द एका सेकंदाच्या आत यायला हवा, त्यामागून खाऊ यायला जरा वेळ लागला तरी चालतं. फिरायला नेतानाही तसंच: समोरून दुसरा कुत्रा दिसला की आपला हात नकळत पट्टा आवळतो, आणि ताण थेट आपल्या कुत्र्याच्या गळ्याशी पोचतो. शेजारून चालणाऱ्या ट्रेनरला ते लगेच दिसतं.

घाबरट किंवा दुसऱ्या कुत्र्यांवर धावून जाणाऱ्या कुत्र्याला तर मी थेट ग्रुप क्लासला नेऊच देणार नाही. तीस फुटांवरचा कुत्रा बघूनही तो खाऊ खातोय, तर तो शिकू शकतो. दहा फुटांवर त्याने खाऊकडे तोंड फिरवलं, तर त्या क्षणी शिकणं बंद झालंय. भरलेल्या क्लासमध्ये हवं तेवढं अंतर मिळत नाही. आणि स्वभाव अचानक बदलला असेल तर ट्रेनरच्या आधी पशुवैद्य. कान, दात, सांधे दुखत असतील तर शिकवण्याने ते बरे होत नाहीत.

पिल्लाचं मात्र वेगळं. साधारण तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत त्याला नवी माणसं, नवे आवाज, शांत स्वभावाचे कुत्रे भेटायला हवेत, तेही लसीकरणाबद्दल डॉक्टरांना विचारून. तेवढ्यासाठी घरची शिकवणी कमी पडते, पिल्लांचा चांगला क्लास असेल तर जरूर न्या.

ट्रेनर ठरवताना दोन प्रश्न विचारा: कुत्र्याने बरोबर केलं तर काय करता, आणि चुकलं तर काय करता? दुसऱ्या प्रश्नावर गळा आवळणारी साखळी, काटेरी पट्टा किंवा शॉकचा पट्टा निघाला तर नको म्हणा. अमेरिकन व्हेटरनरी सोसायटी ऑफ ॲनिमल बिहेवियर या पशुवैद्यांच्या संस्थेने 2021 मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की, आक्रमक कुत्र्यांसह सगळ्यांना बक्षिसावर आधारित पद्धतीनेच शिकवावं. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेला कुत्रा गुरगुरणं सोडतो, पण त्याची भीती जात नाही. पुढच्या वेळी तो सूचना न देता चावू शकतो, आणि घरात लहान मूल असेल तर ती गुरगुर ऐकू येणं फार गरजेचं असतं.