बोटभर नळी आणि दोन मिनिटांची पीयूसी

आज दुपारी इथे कॅलिफोर्नियात, तिसऱ्या फेरीला, आमच्या होंडा सिव्हिकच्या दाराच्या चौकटीत रेफरीने, म्हणजे राज्याच्या वतीने अशा गाड्यांचं प्रदूषण तपासणाऱ्या माणसाने, एकदाचा तो पास झाल्याचा स्टिकर चिकटवला. लेक तिथेच नाचायला लागली. मी फोटो काढून शाळेच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत एका जुन्या मित्राचं उत्तर आलं, "तीन फेऱ्या? अरे, आपल्याकडे दोन मिनिटांत पीयूसी मिळते. गाडी न्यायची पण गरज नाही, नंबर सांग, झालं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

गाडी १९९२ ची. मूळ दीड लिटरचं इंजिन तेल प्यायला लागलं, म्हणून लेकीने आणि मी ते उतरवलं आणि १९९५ च्या अक्युरा इंटेग्राचं १.८ लिटरचं बसवलं. सगळा हिवाळा त्यात गेला. कॅलिफोर्नियात इंजिन बदललेली गाडी थेट नेहमीच्या स्मॉग चेकवाल्याकडे (स्मॉग चेक म्हणजे इथली पीयूसी) नेऊन भागत नाही, आधी रेफरीची वेळ घ्यावी लागते. बसवलेलं इंजिन गाडीच्याच सालाचं किंवा त्यानंतरचं हवं, आणि ते ज्या गाडीतून आलं तिची प्रदूषण रोखणारी सगळी सामग्री सोबत हवी. सगळी म्हणजे सगळी.

पहिल्या फेरीत साठी ओलांडलेला तो माणूस टॉर्च आणि आरसा घेऊन पाऊण तास बॉनेटखाली वाकून होता. एअर फिल्टर बाजारातला, त्यावर राज्याच्या मंजुरीचा क्रमांक नाही, म्हणून नापास. मग त्याने लेकीला जवळ बोलावलं, टॉर्च तिच्या हातात दिला आणि एक बोटभर रबरी नळी दाखवली. चारकोल कॅनिस्टरकडून येणारी. तोंडात स्क्रू घालून बंद केलेली. तो स्क्रू मी घातला होता, नव्या इंजिनाला नळीचं तोंड जुळेना म्हणून. गाडी झकास चालत होती! सायलेन्सरमध्ये यंत्राची नळी घालून कितीही मोजलं असतं तरी हे कधी कळलं नसतं.

त्याने तिला शांतपणे समजावलं. टाकीतल्या पेट्रोलची वाफ त्या डब्यातल्या कोळशात अडकते, इंजिन चालू असताना ती ओढून घेऊन जाळतं. नळी बंद असेल तर डबा भरतो आणि वाफ हवेत जाते. गाडी नुसती दारात उभी असली तरी. मी बाजूला उभा होतो. मला फार लागलं ते.

आणि हे लोक म्हणतात नंबर सांग, झालं! अरे, मग तपासलं काय? नंबरप्लेट धूर सोडते का?

ज्याने लिहिलं त्याच्या जीपमध्ये गेल्या वर्षी दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसलंय. आरसीवर अजून जुनाच इंजिन नंबर आहे. इंजिन बदललं की चौदा दिवसांत आरटीओला कळवायचं, हे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये आहे. डिझेल गाडीची पीयूसी म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धूर किती दाट येतो ते बघायचं. ही जीप त्या यंत्रासमोर उभीच राहिलेली नाही. आणि माझी आई त्याच गल्लीत राहते. सकाळी खिडकी उघडायच्या आधी ती जीप निघाली का ते बघते.

इथली माणसं जन्मतः शहाणी होती असं नाही. १९४३ मध्ये लॉस एंजेलिसवर एवढं धुरकट पसरलं की लोकांना वाटलं शत्रूने विषारी वायू सोडला. पुढे हागेन-स्मिट नावाच्या डच शास्त्रज्ञाने दाखवून दिलं की गाड्यांतून निघणारी पेट्रोलची वाफ आणि नायट्रोजन ऑक्साइड उन्हात एकत्र आले की ओझोन तयार होतो. म्हणजे माझी ती बोटभर नळी!

बरं, इथलंही सगळं न्यायाचं नाही, मान्य. १९७५ किंवा त्याआधीची पेट्रोल गाडी कितीही धूर ओको, तिला स्मॉग चेकच नाही. आणि दुसऱ्या फेरीत रोलरवर ताशी १५ आणि २५ मैलांनी पळवल्यावर आमचा नायट्रोजन ऑक्साइडचा आकडा वर गेला, तेव्हा राज्याने मंजूर केलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा डबा, घ्यावा लागला. भलताच महाग. इतर राज्यांत चालणारा स्वस्त माल इथे चालत नाही. तेव्हा मीही शिव्या घातल्या.

आता थोडं शांत होऊन लिहितो. गेल्या दिवाळीत आईला रात्री श्वास लागला तेव्हा हाच मित्र धावून आला. त्याच जीपमधून तिला दवाखान्यात नेलं, पहाटेपर्यंत बाहेर बाकावर बसून राहिला. मी इथे होतो, फोन धरून. ते मी विसरणार नाही. म्हणूनच ग्रुपवर काही लिहिलं नाही.

पण मित्रा, तू इथे वाचशील. एक कर. येत्या रविवारी जीप घेऊन जा, इंजिन गरम होऊ दे, समोर उभा राहून यंत्र लावायला सांग. जो आकडा येईल तो मला पाठव. नोझल, पंप, जे काही करावं लागेल त्याचा खर्च मी देतो. आणि आरसीवर नवा इंजिन नंबर चढवून घे.