खिडक्या बंद करून अ‍ॅक्रिलिक जोडू नका : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

गेल्या आठवड्यात माझ्या भाच्याने मला एक संदेश पाठवला आणि त्याखाली लिहिले, ‘मामा, यातले पहिले तीन टप्पे झाले आहेत, चौथा आज रात्री करतो.’ प्लेक्सिग्लासची, म्हणजे काचेसारख्या पारदर्शक प्लास्टिकच्या अ‍ॅक्रिलिक शीटची, पेटी घरच्या घरी कशी बनवावी हे सांगणारा तो संदेश मला त्याआधीही दोन ठिकाणांहून आला होता आणि दोन्ही वेळा मी तो वाचून सोडून दिला होता. तेव्हाच उत्तर लिहायला हवे होते. चौथा टप्पा वाचून मी भाच्याला तातडीने फोन केला आणि काम थांबवायला सांगितले. जे त्याला घाईघाईने सांगितले, ते येथे सविस्तर मांडतो आहे.

संदेशातले दावे थोडक्यात असे आहेत : अ‍ॅक्रिलिक काचेसारखेच असल्याने काच कापण्याच्या कटरने कापावे, भोके स्क्रूच्या मापाचीच पाडावीत, जोडण्याआधी कडा ज्योतीने चमकवून घ्याव्यात, चिकटवताना दारे-खिडक्या आणि पंखा बंद ठेवावा, नाकाला रुमाल बांधावा आणि वास असह्य झाला तरच बाहेर जावे, मिथिलीन क्लोराइड (तुकडे जोडण्याचे पातळ द्रावण) न मिळाल्यास क्लोरोफॉर्म वापरावे, कारण ते पूर्वी रुग्णांनाही देत असत, तेही नसेल तर सुपरग्लू चालतो, शेवटी स्पिरिटने पुसावे, आणि लेझर यंत्र असेल तर कोणतीही पारदर्शक शीट त्यात घालावी.

सर्वांत आधी चौथा टप्पा, कारण बाकीच्या चुकांनी शीट वाया जाते आणि या चुकीने माणूस जाऊ शकतो.

अ‍ॅक्रिलिक जोडताना आपण गोंद लावत नाही. पाण्यासारखे पातळ द्रावण सिरिंजने दोन कडांच्या मधल्या बारीक फटीत सोडले की ते केशाकर्षणाने आत ओढले जाते, दोन्ही पृष्ठभाग क्षणभर विरघळतात, त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींत गुंततात आणि द्रावण उडून गेल्यावर दोन तुकड्यांचा एकच तुकडा होतो. याचा अर्थ असा की सांध्यात घातलेले जवळजवळ सगळे द्रावण अखेर हवेत जाते. मिथिलीन क्लोराइड सुमारे 40 अंश सेल्सिअसला उकळते, म्हणून ते खोलीच्या तापमानालाच झपाट्याने उडते आणि त्याची वाफ हवेच्या जवळपास तिप्पट जड असल्याने ती टेबलाच्या पातळीवर आणि जमिनीलगत साचते, नेमकी तिथे जिथे आपण सांधा पाहण्यासाठी तोंड खाली झुकवलेले असते.

आता हिशेब करून पाहू. तीन मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि 2.7 मीटर उंच अशी खोली बंद केली, तर तीत सुमारे 24 हजार लिटर हवा असते. एक मिलिलिटर मिथिलीन क्लोराइड उडाले की सुमारे 380 मिलिलिटर वाफ होते, म्हणजे त्या खोलीत दर दहा लाख भाग हवेमागे जवळपास 16 भाग. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांत या पदार्थाची आठ तासांची सरासरी मर्यादा दहा लाखांत 25 भाग आहे आणि पंधरा मिनिटांच्या संपर्काची मर्यादा 125 भाग आहे. दोन मिलिलिटर उडाले की पहिली मर्यादा ओलांडली जाते आणि मध्यम आकाराच्या पेटीसाठी सहज लागणारे आठ-दहा मिलिलिटर उडाले की दुसरीही. दीडशे मिलिलिटरची बाटली कलंडली तर प्रमाण 2300 भागांपर्यंत जाते. जिवाला तात्काळ धोका असलेली पातळी म्हणून तिथलीच व्यावसायिक सुरक्षा संस्था हाच आकडा देते. खिडकी उघडी असताना हे आकडे असे चढत नाहीत. संदेश मात्र ती बंद करायला सांगतो.

‘वास असह्य झाला तर बाहेर जा’ हा सल्ला तर सर्वांत घातक आहे. या द्रावणाचा वास गोडसर असतो, नाकाला झोंबत नाही, आणि बहुतेकांना तो जाणवू लागतो तेव्हा प्रमाण 25 भागांच्या कितीतरी पट वर गेलेले असते. थोड्याच वेळात नाक त्या वासाला सरावते. त्याच सुमारास डोके जड होते, हालचाली मंदावतात आणि ज्या विचारशक्तीने बाहेर जाण्याचा निर्णय घ्यायचा, तीच आधी बधिर होते. शिवाय शरीरात शिरलेल्या मिथिलीन क्लोराइडच्या काही भागाचे यकृत कार्बन मोनॉक्साइडमध्ये रूपांतर करते आणि तो वायू रक्तातल्या हिमोग्लोबिनला धरून बसतो. हे रूपांतर खोलीबाहेर आल्यावरही चालू राहते. हृदयविकार असलेल्या माणसासाठी हा भाग वेगळाच गंभीर आहे.

हे कोणाला अतिशयोक्ती वाटत असेल, तर अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने 2012 मध्ये आपल्या साप्ताहिकात प्रसिद्ध केलेला अहवाल पाहावा. स्नानगृहांतील टबांचा जुना थर काढण्यासाठी मिथिलीन क्लोराइड असलेली द्रावणे वापरताना 2000 ते 2011 या काळात 13 कामगारांचा मृत्यू झाल्याची नोंद त्यात आहे. जागा लहान होती आणि वायुवीजन अपुरे होते. ती माणसे आपल्यापेक्षा बरेच जास्त द्रावण वापरत होती हे मी मान्य करतो. पण रोज तेच काम करणाऱ्यांना जिथे धोका वेळेत कळला नाही, तिथे पहिल्यांदाच सिरिंज हातात धरणाऱ्या मुलाला तो कळेल असे मानायला काही आधार नाही. पुढे त्याच देशात रंग काढण्याच्या कामासाठी सामान्य ग्राहकांना हे रसायन विकण्यावर 2019 मध्ये बंदी आली.

रुमालाने वाफ अडत नाही. धुळीचा मास्कही वाफेसाठी निरुपयोगीच आहे. कोळशाचे फिल्टर असलेला मास्क पुरेसा वाटतो, पण या विशिष्ट द्रावणाची वाफ त्या कोळशातून इतक्या लवकर पार होते की वर उल्लेखिलेल्या नियमांत नियमित कामासाठी असा मास्क मान्यच नाही. बाहेरून शुद्ध हवा पुरवणारी व्यवस्था तिथे सांगितलेली आहे. हातमोज्यांचेही तेच. लॅटेक्स किंवा नायट्रिलच्या पातळ हातमोज्यातून हे द्रावण काही मिनिटांत आरपार जाते, म्हणून थेंब पडला की हातमोजा लगेच काढून टाकावा.

या टप्प्यात एक अर्धसत्य आहे आणि ते नाइलाजाने का होईना, मान्य करावे लागते. सांध्यावर थेट वारा आला तर द्रावण आत झिरपण्याआधी उडते आणि हवा दमट असेल तर या वेगवान बाष्पीभवनाने पृष्ठभाग थंड होऊन त्यावर दव धरते, सांधा दुधाळ होतो. पंखा बंद करण्याची सूचना बहुधा यातूनच आली असावी. पण यावरचा उपाय खोली बंद करणे हा नाही. काम उघड्यावर करावे, किंवा पंखा खिडकीत हवा बाहेर फेकेल असा लावून आपण वाऱ्याच्या वरच्या बाजूला बसावे. कामापुरतेच द्रावण सिरिंजमध्ये घ्यावे, बाटलीचे झाकण लगेच लावावे, दमट दिवशी काम पुढे ढकलावे. जोडलेली वस्तू झोपण्याच्या खोलीत वाळत ठेवू नये, हेही भाच्याला सांगावे लागले.

क्लोरोफॉर्मबद्दलचा युक्तिवाद इतिहासाचे अर्धेच पान वाचून केलेला आहे. एडिंबरोच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी नोव्हेंबर 1847 मध्ये क्लोरोफॉर्मचा भूल देण्यासाठी वापर सुरू केला हे खरे. मात्र तीनच महिन्यांत, 28 जानेवारी 1848 रोजी, हॅना ग्रीनर ही 15 वर्षांची मुलगी पायाच्या बोटाचे नख काढण्यासाठी दिलेल्या क्लोरोफॉर्मने दगावली. हृदयाची गती बिघडवणारा आणि यकृताला इजा करणारा म्हणूनच वैद्यकाने हा पदार्थ सोडून दिला. त्यात भर म्हणजे हवा आणि प्रकाश लागला की क्लोरोफॉर्मचे हळूहळू विघटन होऊन फॉस्जिन हा अत्यंत विषारी वायू तयार होतो, आणि अर्धवट भरलेली पारदर्शक बाटली उन्हाजवळच्या फळीवर ठेवणे ही घरगुती कार्यशाळेत अगदी नेहमीची गोष्ट आहे. ‘रुग्णांना देत असत’ हे कारण देऊन कोणी ते मुलांच्या हाती देऊ नये.

आता ज्योतीने कडा चमकवण्याचा दावा. भाच्याने हा टप्पा आधीच उरकला होता आणि कडा फार सुरेख दिसत आहेत असे तो म्हणाला. त्या दिसतातच. पण ज्योत फिरवल्यावर कडेचा पातळ थर तापतो, मऊ होतो आणि थंड होताना आकसू पाहतो, तर आतला थंड भाग त्याला आकसू देत नाही. त्यामुळे तो थर ताणाखाली अडकून पडतो. हा ताण डोळ्यांना दिसत नाही. द्रावण लागताच तो मोकळा होतो आणि कडेवर केसांसारख्या असंख्य चिरा पसरतात, कधी लगेच तर कधी काही दिवसांनी. दुसरी अडचण अशी की ज्योतीने कडेचे कोपरे किंचित गोल होतात आणि पातळ द्रावणाने जोडताना तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना तंतोतंत टेकलेले असावे लागतात, कारण हे द्रावण फट भरत नाही. म्हणून जोडायची कड करवतीच्या खुणा जाईपर्यंत धारदार पात्याच्या सरळ पाठीने खरवडून सपाट आणि काटकोनात आणावी व तशीच धूसर राहू द्यावी. द्रावण भिनले की सांधा आपोआप पारदर्शक होतो. चमक द्यायची ती फक्त बाहेर दिसणाऱ्या कडांना, सांधे पूर्ण वाळल्यावर, आणि तीही माझ्या मते पाणी लावून 400, 600 आणि 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने क्रमाने घासून व शेवटी बफ (चमक आणणारे कापडी चाक) फिरवून. यात वेळ जातो. एक नंबर गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे बफखालीही दिसत राहतात आणि मग मागे यावे लागते; बफ एका जागी थांबवला तर उष्णतेने पृष्ठभाग ओढला जातो.

स्पिरिटने पुसण्याचा दावा याच कारणाने चुकीचा आहे. ओतीव, म्हणजे साच्यात ओतून बनवलेल्या, शीटच्या मधल्या, ताण नसलेल्या भागावर स्पिरिट लावले तर पुष्कळदा काहीच होत नाही, आणि म्हणूनच ‘मी नेहमी पुसतो, काही होत नाही’ असे सांगणारे भेटतात. पण भोकांभोवती, वाकवलेल्या जागी आणि ज्योत लागलेल्या कडांवर त्याच स्पिरिटने चिरा उमटतात. यंत्रातून दाबून काढलेल्या, म्हणजे एक्स्ट्रूडेड, शीटवर तर अधिकच. अमोनिया असलेली काच पुसण्याची द्रव्येही टाळावीत, आणि अ‍ॅसिटोन तर अ‍ॅक्रिलिक विरघळवतेच. कोमट पाणी, थोडा सौम्य साबण आणि मऊ ओले कापड एवढे पुरते.

काचेच्या कटरबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. प्लेक्सिग्लास हे जर्मनीतील रसायनशास्त्रज्ञ ओटो र्‍योम यांनी 1933 मध्ये नोंदवलेले व्यापारी नाव आहे आणि त्यातल्या ‘ग्लास’मुळे हा घोळ होतो. काचेच्या कटरचे चाक येथे नुसता ओरखडा काढते. रेघ पाडून मोडण्याची कल्पना मात्र तीन मिलिमीटरपर्यंतच्या शीटला लागू पडते, हे खरे. त्यासाठी आकडीसारख्या टोकाचे पाते घेऊन पट्टीच्या आधाराने आठ-दहा वेळा ओढावे लागते आणि कापणी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळच असावी लागते. जाड शीटला बारीक दातांची कार्बाइड करवत हवी. जिगसॉ (वर-खाली चालणारी विजेची करवत) वेगात चालवला तर मागे वितळलेली चीर पुन्हा चिकटून बसते.

भोके स्क्रूच्या मापाची पाडणे ही चूक उन्हाळ्यात उघड होते. अ‍ॅक्रिलिक उष्णतेने काचेच्या सुमारे आठपट प्रसरण पावते. एक मीटरची शीट 30 अंशांच्या फरकाने दोन मिलिमीटरहून अधिक वाढते आणि तिला सरकायला जागा नसेल तर ती भोकापासून तडकते. भोक मोठे ठेवावे, वॉशर घालावा, स्क्रू करकचून आवळू नये. सुपरग्लूचा सांधा ठिसूळ होतो आणि त्याच्या वाफेने आजूबाजूला पांढरी धूसर कड उमटते, एवढे त्याच्याबद्दल पुरे. लेझरमध्ये मात्र शीट नक्की अ‍ॅक्रिलिकचीच आहे याची खात्री हवी, कारण पारदर्शक पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड सोडते, जो फुप्फुसांना भाजतो आणि यंत्र गंजवतो. तापवलेल्या तांब्याच्या तारेला तुकड्याचा कण लावून ती, अर्थात मोकळ्या हवेत, पुन्हा ज्योतीत धरली आणि ज्योत हिरवी झाली, तर ती शीट लेझरमध्ये घालू नये.

भाच्याने विचारले की ज्योत लावलेल्या कडांचे आता काय करायचे. तापमान खरोखर स्थिर राहते अशी भट्टी असेल, तर तुकडे सुमारे 80 अंशांवर काही तास सपाट ठेवून अगदी सावकाश थंड होऊ दिल्यास ताण उतरतो, पण गोल झालेले कोपरे त्याने सरळ होत नाहीत. म्हणून त्याला मी चारही तुकड्यांच्या कडा तीन-तीन मिलिमीटर कापून पुन्हा खरवडायला सांगितल्या. पेटी त्याने ठरवली होती त्यापेक्षा सहा मिलिमीटर लहान होईल.