सूप सुईनं भरत नाहीत, आणि पाव तळतही नाहीत

गेले काही दिवस एक व्हिडिओ फिरतोय. शांघायमधला मोठा काळा तवा, त्यावर एकमेकांना खेटून मांडलेले गोल पाव, वर तीळ आणि कांद्याची पात. कुणीतरी त्यातला एक काडीनं दाबतं आणि आतून सूप उडतं. खाली मराठीत मजकूर: 'हे चीनचे डुकराचे मोमो. तेलात तळतात. आतलं सूप म्हणजे वितळलेली चरबी, तीही सुईनं टोचून भरलेली! दोन हजार वर्षं जुना पदार्थ. जितकं सूप जास्त, तितका अस्सल. एका घासात खायचा.' माझ्याकडे हे चार ग्रुपांवरून आलं. शेवटी काकांनीही पाठवलं, 'तू तिकडे होतास ना, खरं का रे हे?' असं विचारून. त्यांना उत्तर लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं.

सुरुवात तळण्यापासून करू, कारण त्याचं उत्तर नावातच आहे. पदार्थाचं नाव शंगजियान. शंग म्हणजे कच्चं आणि जियान म्हणजे थोड्या तेलावर खरपूस करणं. कढईभर तेलात तळण्याला चिनी भाषेत वेगळा शब्द आहे, 'जा'. आपल्याकडे पुरी तळतात आणि घावन तव्यावर घालतात, तितका हा फरक ठळक आहे. आणि 'कच्चं' याचा अर्थ पाव आधी वाफवून घेतलेला नसतो. 'उरलेले वाफवलेले पाव दुसऱ्या दिवशी तळून विकतात' ही या मजकुराची पुढची आवृत्तीही माझ्यापर्यंत आली आहे, तीही इथेच निकालात निघते.

तव्यावर काय होतं ते नीट पाहण्यासारखं असतं. बिडाचा पसरट तवा, तळाला तेल. कच्चे पाव खेटून लावतात. बुडं जराशी रंगली की वरून पाणी ओततात, मोठा चर्र आवाज होतो आणि लगेच लाकडी झाकण पडतं. आता वरचा भाग वाफेवर शिजतो. सगळीकडे सारखी आच लागावी म्हणून तवा अधूनमधून फिरवत राहतात. मी जिथे खायचो तिथला माणूस झाकण न उघडता कान देऊन ऐकायचा. पाणी आहे तोवर खदखद ऐकू येते, पाणी आटलं की पुन्हा तेलाची तडतड सुरू होते. तेव्हाच झाकण निघायचं, तीळ आणि पात पडायची. म्हणजे एकाच पावाचं बूड कुरकुरीत आणि डोकं मऊ, वाफवलेलं. तळलेल्या पावाला असं डोकं राहत नाही.

आता सुई. यामागची कल्पना मला कळते. पातळ सूप कणकेत कसं राहील, हा प्रश्न कुणालाही पडेल. उत्तर असं, की पाव वळताना सूप पातळ नसतंच. डुकराची कातडी पाण्यात बराच वेळ मंद आचेवर शिजवतात. तिच्यातलं कोलॅजन सुटून त्याचं जिलेटिन होतं आणि ते पाणी गार झालं की थिजतं. पायाचं सूप रात्रभर फ्रिजमध्ये राहिलं की सकाळी पातेल्यात थरथरतं, तीच ही गोष्ट. ही जेली बारीक चिरून खिम्यात मिसळतात. खिमाही आधी थोडं थोडं पाणी घालून एकाच दिशेनं घोटलेला असतो, चिकट होईपर्यंत. मग घट्ट सारण पारीत ठेवायचं, मोदकासारख्या कळ्या पाडायच्या आणि तोंड मिटायचं. तव्यावर जेली वितळली की तिचं सूप होतं.

जिलेटिन साधारण ३० ते ३५ अंशांच्या आसपास विरघळतं. हे मी पुस्तकातून शिकलो नाही. वसईच्या घरी ऐन मे महिन्यात हा उद्योग मांडला होता. रविवारी डुकराचं मटण आणलं, कातडी मुद्दाम मागून घेतली, जेली झकास जमली. पण पंख्याखाली पाव वळेपर्यंत तिचं पाणी झालं. पारीच्या कडा ओल्या झाल्या, कळ्या मिटेनात, जे कसेबसे मिटले ते तव्यावर फुटले. आत पातळ काही असेल तर तोंड बंद होत नाही, आणि बंद पावाला सुईनं भोक पाडलं तर तेच सूप तव्यावर गळेल. सुईवाल्यांनी एकदा वसईत मे महिन्यात करून पाहावं.

'नुसती चरबी' हेही याच जेलीनं खोटं ठरतं. चरबी गार झाली की वर पांढरी साय धरते, जिलेटिनचं पाणी अर्धपारदर्शक थिजतं. शंगजियानचं सूप मुख्यतः हे दुसरं. खिम्यात चरबी असते, ती सुटून सुपात उतरते, त्यामुळे हा पथ्याचा पदार्थ आहे असं मी म्हणणार नाही.

मोमोबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. मोमो तिबेट-नेपाळकडचा, त्याची पारी बहुधा न आंबवलेली. शांघायचे लोक याला शंगजियान मांतोउ म्हणतात. गंमत म्हणजे उरलेल्या चीनमध्ये बहुतेक ठिकाणी मांतोउ म्हणजे आत काहीही नसलेला पाव.

दोन हजार वर्षांचा आकडा कुठून आला असेल? तिसऱ्या शतकातला चिनी मुत्सद्दी झुगे लिआंग यानं मांतोउ शोधला अशी एक दंतकथा आहे, तीच याला चिकटवली असावी. शंगजियान मात्र गेल्या शतकातला, शांघायच्या चहाघरांत चहासोबत मिळणारा खाऊ. 'दा हू चुन' हे तिथलं जुनं नावाजलेलं दुकान १९३२ सालचं.

आणि याच दुकानामुळे 'सूप जास्त तितका अस्सल' हा मुद्दा कोलमडतो. दा हू चुनचा पाव पूर्ण आंबवलेल्या कणकेचा, जाडसर, लुसलुशीत असतो. आत जेली घालत नाहीत. मांसाचा गोळा आणि त्याचा स्वतःचा रस, एवढंच. तो रसही स्पंजासारखी कणीक शोषून घेते आणि मला विचाराल तर त्या भिजलेल्या थरातच खरी चव आहे. व्हिडिओत दिसतो तसा पातळ पारीचा, सुपानं टचटचलेला प्रकार लोकप्रिय केला तो 'श्याओ यांग'सारख्या दुकानांनी, आणि ते सुरू झालं १९९४ मध्ये. दोन्हींचे भक्त शांघायमध्ये आहेत आणि ते हिरिरीनं भांडतात. पण या दोन दुकानांच्या वयाचाच हिशेब लावायचा तर कमी सूपवालं थोरलं ठरतं.

हे पाव तिथे वजनाच्या भाषेत मागतात: एक लिआंग, म्हणजे चार नग. लिआंग म्हणजे ५० ग्रॅम, पण ते वजन पिठाचं, अख्ख्या पावाचं नव्हे. सोबत बऱ्याच ठिकाणी गोमांसाचं पिवळं करी सूप मिळतं. परक्या शहरात सकाळी आठ वाजता हळदीचा वास आला तेव्हा मी क्षणभर मागे वळून पाहिलं होतं.

राहिलं 'एका घासात'. काका, हे मात्र करू नका. कडेला बारीक भोक पाडायचं, वाफ जाऊ द्यायची, सूप ओढून घ्यायचं, मग काळ्या व्हिनेगरमध्ये बुडवून उरलेला खायचा. मला हे कुणी सांगितलं नव्हतं. माझ्या पहिल्या पावाचं सूप समोर बसलेल्या बाईंच्या कोटावर गेलं. त्यांनी एक अक्षर न बोलता कागदी रुमालांचा डबा माझ्याकडे सरकवला आणि आपली वाटी उचलून पलीकडच्या टेबलावर जाऊन बसल्या.